शब्द येईपर्यंत त्याने गप्प का राहावे?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका आईचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देत आहे. त्यांचा मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचे निदान झाले. दीड वर्षाचा असताना तो ‘पानी’ म्हणत असे. पुढे तो शब्द गेला आणि त्यानंतर एकही शब्द आलेला नाही. आठवड्यातून एकदा त्या त्याला घेऊन बेळगावला स्पीच थेरपीसाठी जातात. थेरपिस्टबाईंनी आता चित्रांची कार्डे सुरू करावीत आणि पुढे फोनवर बोलणारे ॲप द्यावे, असे सुचवले आहे. पती उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत. चित्र दाखवून काम भागू लागले की पोरगा तोंड उघडणारच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. सासूबाई म्हणतात की मुलाचा बापही उशिराच बोलला होता, थोडे थांबा. घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड आणि टीव्हीवर हिंदी या गोंधळामुळेच मूल बोलत नाही, तेव्हा घरातही फक्त कन्नड सुरू करा, असे एका नातेवाइकांनी सांगितले आहे. हल्ली मुलगा रागावला की स्वतःचा हात चावतो. पत्राच्या शेवटी त्या विचारतात : ‘चित्रे दिली तर मी माझ्याच हाताने त्याचे बोलणे बंद करीन का? आणि त्याच्याशी माझ्या भाषेत बोलणे सोडून देऊ का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. चित्रे दिल्याने बोलणे बंद पडत नाही आणि मराठी सोडण्याचे काही कारण नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्राच्या ओळीओळीत तुमची घालमेल दिसते आणि उत्तर शेवटपर्यंत लांबवणे बरे नव्हे. मात्र ही उत्तरे अशी का आहेत आणि उद्या सकाळपासून घरात काय करता येईल, हे सविस्तर सांगायला हवे, कारण घरात तुम्हाला एकटीला पटून भागणार नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, जे तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात : ‘चिरमुरे हवे असले की तो माझे मनगट धरतो, मला फळीपाशी ओढत नेतो आणि माझा हात डब्याच्या झाकणावर ठेवतो, बाकी काहीच सांगत नाही.’ ताई, हे सांगणेच आहे. त्याला काय हवे ते त्याला ठाऊक आहे, ते कोणत्या डब्यात आहे हे ठाऊक आहे, झाकण आपल्याला उघडत नाही पण आईला उघडते हे ठाऊक आहे, आणि आईला जागचे हलवता येते याची त्याला खात्री आहे. संवादाचा अर्धा पाया यातच आला. उणे आहे ते एवढेच, की ही त्याची भाषा फक्त तुम्हाला वाचता येते आणि तीही डबा समोर असेल तेव्हाच. अंगणवाडीत, आत्याच्या घरी, बेळगावच्या बसमध्ये त्याला तहान लागली किंवा पोटात दुखले, तर कोणाचे मनगट कोणत्या झाकणावर ठेवायचे? आपल्याला जे काम करायचे आहे, ते त्याच्या या सांगण्याला कोणालाही कळेल असे रूप देण्याचे आहे. मुलाला शून्यापासून काही शिकवण्याची वेळ तुमच्यावर आलेली नाही.

आधी बोलणे येते आणि मग त्यातून संवाद सुरू होतो, अशी आपली सर्वांची समजूत असते. कोणत्याही लहान मुलाकडे नीट पाहिले तर क्रम उलटा दिसतो. ते आधी हात पसरते, बोट दाखवते, नको असलेला घास थुंकते, रडण्याचे वेगवेगळे सूर काढते. शब्द त्यानंतर येतात. मोठ्यांनाही शब्दांवाचून संवाद करता येतो, हे आपल्या सीमाभागात कोणाला वेगळे सांगायला नको. कन्नडचा एक शब्द न येणारी बाई आणि मराठीचा एक शब्द न येणारा शेतकरी बाजारात मिरचीचा ढीग समोर ठेवून बोटांवर भाव करतात आणि सौदा पुरा होतो. तुमच्या मुलाला अशी बोटे, अशी खूण, असे साधन आज हवे आहे. शब्द जेव्हा यायचे तेव्हा येतील. तोवर त्याने गप्प राहावे, असा हट्ट आपण का धरावा?

आता तुमच्या यजमानांच्या शंकेविषयी. ही शंका चुकीची असली तरी तिच्यामागे प्रेम आहे आणि जगभरातल्या आईवडिलांना ती पडते, म्हणूनच ती तपासलीही गेली आहे. चित्रे, खुणा, बोलणारी यंत्रे या सगळ्याला मिळून पूरक व पर्यायी संवाद म्हणतात. मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी २००६ मध्ये या विषयावरचे तोवरचे अभ्यास तपासले. त्यांच्या हाती भरवशाची माहिती असलेली २७ जणांची उदाहरणे होती. अशी साधने दिल्यानंतर त्यांतल्या ८९ टक्के जणांचे तोंडी बोलणे वाढले, उरलेल्यांचे होते तसेच राहिले आणि घटले मात्र एकाचेही नाही. केवळ ऑटिस्टिक मुलांपुरता असाच आढावा २००८ मध्ये निघाला. त्यातही बोलण्याला अडथळा होत नाही असेच दिसले, पण बोलण्यात होणारी वाढ बहुधा माफक असते, हेही त्यात स्पष्ट होते. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतील कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ते आठ वर्षांच्या, जेमतेम बोलणाऱ्या ६१ मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळातून शिकवण्याच्या जोडीला ज्यांना पहिल्यापासून बोलणारे यंत्र दिले, ती मुले ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्यापेक्षा आपणहून अधिक बोलू-सांगू लागली. तुमचा मुलगा नेमका याच वयाचा आहे.

असे का होत असावे, हे समजायला अवघड नाही. बोलण्यासाठी ओठ, जीभ, श्वास आणि आवाज यांचा मेळ एका क्षणात घालावा लागतो आणि काही ऑटिस्टिक मुलांना नेमके तेच जमत नाही. त्यातच समोरचा माणूस ‘बोल, बोल, बोललास तरच देईन’ म्हणून पाठीस लागला की उरलेसुरलेही गोठते. चित्र देऊन काम होते म्हटल्यावर तो ताण उतरतो. शिवाय प्रत्येक वेळी चित्र हातात पडताच तुम्ही तोच शब्द स्पष्ट म्हणता, त्यामुळे शब्द आणि वस्तू यांची गाठ दिवसातून अनेकदा पडते. मुले आळशी असतात म्हणून बोलत नाहीत, हे गृहीतच मला मान्य नाही. तोंडाने बोलणे ही सर्वांत झटपट पद्धत आहे; ती ज्याला साधते तो चित्र शोधत बसत नाही.

सासूबाईंच्या ‘थांबा’ला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो त्यांचा मान राखूनच मांडते. काही मुले उशिरा बोलतात हे खरे आहे. पण आलेला शब्द जाणे ही उशिरा बोलण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. दीड-दोन वर्षांच्या सुमारास आलेले शब्द गमावणारी ऑटिस्टिक मुले पुष्कळ असतात. त्या ‘पानी’साठी तुम्ही आजही कान लावून असता, असे तुम्ही लिहिले आहे. तुम्ही काही चुकीचे केलेत, त्याला पडू दिलेत, मोबाइल दिलात किंवा गरोदरपणात काही खाल्लेत म्हणून तो शब्द गेलेला नाही. ऑटिझम मेंदूच्या जन्मापासूनच्या जडणघडणीशी निगडित आहे. तो पालकांच्या वागण्यातून येत नाही.

‘मग तो बोलेल का?’ हा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण तो पत्रात आहेच. कोणीही प्रामाणिक माणूस याचे नक्की उत्तर देऊ शकणार नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, चार वर्षांची होईपर्यंत शब्दाला शब्द जोडून न बोलणाऱ्या ५३५ ऑटिस्टिक मुलांची आठ वर्षांची झाल्यावरची किंवा त्यापुढची माहिती पाहिली, तेव्हा ७० टक्के मुले शब्द जोडून बोलू लागली होती आणि ४७ टक्के अस्खलित बोलत होती. यात सुटे शब्द येणारी मुलेही होती, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा तुमच्या मुलाला लावू नका. तरीही पाचव्या वर्षी सगळे संपले, असे मानायला जागा नाही. दुसरीकडे, मोठेपणीही तोंडाने न बोलणारी ऑटिस्टिक माणसे असतात, आणि त्यांपैकी काही जण चित्रांनी, टंकून किंवा लिहून आपला संसार, शिक्षण, आवडीनिवडी नीट सांगतात. तुमचा मुलगा यांपैकी कोणत्या वाटेने जाणार हे आज ठरवता येत नाही. आज करायचे काम मात्र दोन्ही वाटांवर एकच आहे.

सुरुवातीआधी एक तपासणी. कानांची ‘बेरा’ चाचणी झाल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. हाक मारली तर पाहत नाही पण बिस्किटाच्या पुड्याचा आवाज ऐकून धावत येतो, म्हणजे ऐकू येतेच, असे घरोघरी मानले जाते. अर्धवट ऐकू येणे अशा निरीक्षणातून कळत नाही. ही चाचणी झोपलेल्या मुलावर करतात, ती दुखत नाही, आणि तुम्ही बेळगावला जाताच आहात, तेव्हा पहिली करून घ्या.

आता कार्डे. १९८५ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यात अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रांच्या देवाणघेवाणीची एक पद्धत बसवली, तिला पेक्स म्हणतात. तुमच्या थेरपिस्टबाई बहुधा तिच्याविषयीच बोलत असाव्यात. तिची पहिली पायरी घरी कशी दिसेल ते सांगते. चिरमुऱ्यांच्या डब्याचा, त्याच तुमच्या डब्याचा, फोनवर फोटो काढा, झेरॉक्सच्या दुकानात तळहाताच्या निम्म्या आकाराचा छापून लॅमिनेट करून घ्या. तुम्ही मुलासमोर बसा, वाटीत थोडे चिरमुरे त्याला दिसतील असे धरा आणि मध्ये कार्ड ठेवा. सासूबाईंना त्याच्या मागे बसवा. तो वाटीकडे हात नेऊ लागला की मागून त्यांनी, एक शब्दही न बोलता, त्याचा हात कार्डाकडे वळवायचा, त्याच्याकडून ते उचलवून तुमच्या उघड्या तळहातावर ठेववायचे. कार्ड तुमच्या हातावर पडले त्या क्षणी तुम्ही ‘चिरमुरे!’ म्हणायचे आणि चार-पाच दाणे द्यायचे; मूठभर देऊ नका, म्हणजे पुन्हा मागण्याची संधी लगेच येते. ‘काय हवंय? सांग ना, हे काय आहे?’ असे विचारायचे नाही, कारण मग तो तुमच्या प्रश्नाची वाट पाहायला शिकतो आणि आपल्याला तर त्याने आपणहून सुरुवात करायला हवी आहे. सासूबाईंनी हळूहळू हात मागे घ्यायचा : आधी मनगटाला, मग कोपराला नुसता स्पर्श, मग तोही नाही. हे जमले की तुम्ही थोडे दूर बसायचे, मग दुसऱ्या खोलीत जायचे, म्हणजे कार्ड घेऊन माणसापर्यंत जाणे तो शिकेल. दोन चित्रांतून निवड करणे, चित्रे जोडून वाक्य करणे या पायऱ्या त्यानंतरच्या आहेत आणि त्या थेरपिस्टबाई दाखवतील.

एक गोष्ट बजावून सांगते. सराव व्हावा म्हणून त्याचे जेवण, पाणी किंवा संडासला जाणे कधीही अडवू नका. सराव आवडीच्या, वरकड गोष्टींवर करायचा. आणि तो पूर्वीसारखे मनगट धरून ओढू लागला तर रागावू नका. त्याच्याबरोबर जा, वाटेत कार्ड त्याच्या हाती द्या, ते घ्या आणि डबा उघडा. जुने सांगणे बंद पाडून नवे शिकवता येत नाही.

मागणे म्हणजे संवादाचा एक कोपरा झाला. पुष्कळ घरांत कार्डांचा वापर खाऊपुरताच राहतो आणि वर्षभराने मूल केवळ बिस्किटे मागायला शिकलेले असते. ‘अजून’, ‘संपलं’, ‘नको’, ‘थांब’, ‘मदत’, ‘दुखतंय’, ‘चल’, ‘बघ’ असे थोडे शब्द कुठल्याही प्रसंगात लागू पडतात. त्यांची चित्रे एका पुठ्ठ्यावर मांडून तो पुठ्ठा सतत हाताशी ठेवा आणि आधी तुम्ही वापरा. भात वाढताना ‘अजून?’ म्हणा आणि ‘अजून’वर बोट ठेवा, अंघोळ झाली की ‘संपलं’ म्हणा आणि त्या चित्रावर बोट ठेवा. त्याने तसे करून दाखवलेच पाहिजे, अशी अपेक्षा बरेच आठवडे ठेवू नका. कोणतेही मूल पहिला शब्द बोलण्याआधी वर्षभर आपले बोलणे ऐकत असते. या मुलाच्या चित्रभाषेत मात्र त्याच्याशी आजवर कोणी काही बोललेलेच नाही. आणि बोट ठेवल्यावर थांबा. मनात दहापर्यंत मोजेपर्यंत गप्प राहा. भरल्या घरात हे सर्वांत कठीण असते, कारण मुलाने उत्तर द्यायच्या आत आजी, काका, आत्या सगळे त्याच्या वतीने बोलून मोकळे होतात.

हात चावण्याविषयी तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण मला ती गोष्ट महत्त्वाची वाटते. हे अलीकडे वाढले असेल तर आधी शरीर तपासा : दात किडला आहे का, कान दुखतो का, शौचाला खडा होतो का. न बोलणाऱ्या मुलाच्या दुखण्याला अनेकदा ‘हट्टीपणा’ हेच नाव मिळते. दुखणे नसेल, तर आठवडाभर वहीत लिहा की चावण्याच्या आधी नेमके काय घडले. बहुतेक वेळा असे दिसते की काहीतरी नकोसे होते, काहीतरी मध्येच थांबवले गेले, किंवा आवाज-गर्दी असह्य झाली आणि ते सांगायला त्याच्याकडे काहीच नव्हते. म्हणून ‘नको’चे कार्ड ‘चिरमुऱ्यां’इतकेच लवकर द्या, आणि त्याने ते दिले की, शक्य असेल तिथे, माना. नावडती भाजी, गुदगुल्या, पाहुण्यांच्या मांडीवर बसणे यांना त्याने ‘नको’ म्हटले तर ते तिथल्या तिथे थांबले पाहिजे. औषध टळत नसेल तर ‘नको म्हणतोस, कळलं, औषध एवढंच, मग संपलं’ असे सांगून ‘संपलं’चे चित्र दाखवा. ज्याच्या ‘नको’ला घरात किंमत असते, त्याला हात चावून ते ओरडून सांगावे लागत नाही. शिवाय ‘नको’ म्हणता येणे हे न बोलणाऱ्या मुलाच्या अंगाच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे. हा मुद्दा पालकांना नकोसा वाटतो, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

बोलणाऱ्या ॲपसाठी कार्डे पूर्ण होण्याची वाट पाहण्याची गरज नाही, आणि महागडा टॅब घेण्याचीही नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे ॲप मोफत असून मराठीत चालते. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ हे ॲपही भारतीय भाषांत मिळते, मात्र त्याला पैसे पडतात. घरातला एखादा जुना फोन फक्त या कामासाठी ठेवा. त्यावर कार्टून दिसू लागले की तो त्याच्यासाठी खेळणे होईल आणि बोलण्याचे साधन राहणार नाही. वीज गेली किंवा फोन पडला तरी पुठ्ठा चालतो, म्हणून पुठ्ठा कायम ठेवा.

भाषेच्या प्रश्नाकडे येते. दोन भाषांत वाढणारी ऑटिस्टिक मुले एकाच भाषेत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांपेक्षा भाषेत मागे पडतात, असे संशोधनात आढळलेले नाही. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि एक भाषा काढून घेतल्याने तो कमीही होत नाही. मग निर्णय कशावर घ्यायचा? तुम्ही कोणत्या भाषेत विचार न करता बोलता, लाड करता, रागावता, गाणी म्हणता, यावर. तुम्ही मोडक्या कन्नडमध्ये बोलू लागलात तर त्याला कन्नड तर नीट मिळणार नाहीच, उलट तुम्ही कमी बोलाल, सासूबाई तर त्याच्याशी बोलायच्याच थांबतील, आणि घरातल्या गप्पांमधून तो बाहेर पडेल. आपल्या भागात भाषेचा प्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून माणसांच्या जिव्हारी लागलेला आहे, त्यामुळे अशा सल्ल्यात कधी भीती मिसळते तर कधी अभिमान. मुलाचा निर्णय या दोन्हींपासून अलग ठेवा. घरी निर्धास्त मराठी बोला. अंगणवाडीत टीचर कन्नडमध्ये बोलतात तर बोलू द्या, तीही त्याच्या गावाची भाषा आहे. चित्र तेच ठेवा, त्याखाली दोन्ही लिप्यांत शब्द लिहा, म्हणजे ‘पाणी’चे कार्ड टीचरच्या हाती पडले की त्या ‘नीरु’ म्हणतील आणि पाणी देतील. एकच काळजी घ्या, की एकाच वाक्यात तीन भाषा कोंबू नका आणि वाक्ये छोटी ठेवा.

त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलताना जपा. ‘याला काही कळत नाही’ हे वाक्य तुमच्या घरात, बसमध्ये, लग्नात किती वेळा उच्चारले जात असेल! बोलता न येणे आणि न कळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला किती कळते हे आज मोजता आलेले नसेल, तर कळते असे धरून वागण्यात तोटा काहीच नाही.

उपायांच्या बाजारापासूनही सावध राहा. जिभेखालचा पडदा कापणे किंवा वेखंड चाटवणे यांनी ऑटिस्टिक मूल बोलू लागत नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला सासूबाई त्याला घेऊन जात असतील तर जरूर जाऊ द्या, फक्त गर्दीचा दिवस टाळा आणि पुठ्ठा बरोबर द्या. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे उपचार मोजक्या रक्तविकारांपलीकडे मान्य केलेले नाहीत. तसेच कोणी मुलाचा हात धरून किंवा अक्षरांचा फलक हवेत धरून त्याच्याकडून मोठमोठी वाक्ये ‘लिहून घेत’ असेल तर ती वाक्ये मुलाची असतीलच असे नाही. अमेरिकेतील वाक् व श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये अशा पद्धती वापरू नयेत, अशी भूमिका जाहीर केली आहे. आपण मागून हाताला आधार देतो तो काढून घेण्यासाठीच देतो, ही खूणगाठ ठेवा.

यजमानांना वाद घालून पटवण्यापेक्षा कामाला लावा. फाउंड्रीतून थकून येणाऱ्या माणसाला एक तासाची थेरपी सांगू नका. घरातल्या वस्तूंचे फोटो काढून छापून आणणे आणि रात्री गाडीवरून एक फेरी मारताना ‘चल’चे कार्ड घेणे एवढेच त्यांच्याकडे द्या. मुलगा आपणहून कार्ड घेऊन बापाकडे जाईल, त्या दिवसापासून तुम्हाला त्यांना काही सांगावे लागणार नाही. आणि सगळे तुम्हीच करू नका. आईलाच कळणारी भाषा हीच तर आपली अडचण आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे आणि त्याच कायद्याने संवादाच्या व्याख्येत पूरक व पर्यायी पद्धतीही धरल्या आहेत. म्हणजे मुलाचा चित्रांचा पुठ्ठा ही कायद्याच्या नजरेत त्याच्या बोलण्याची रीतसर पद्धत आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढून घ्या. निपाणी, चिकोडीकडची बरीच कुटुंबे उपचारांसाठी कोल्हापूर-मिरजेला जातात. त्यांनीही लक्षात ठेवावे की हे प्रमाणपत्र देशभर चालते. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकाला मुलाचे नाव नोंदवायला सांगा. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून याच विषयात काम करते. एकदा सविस्तर तपासणीसाठी तिथे जाणे जमले तर अवश्य जा.

राहिली शाळा. सहा ते अठरा वर्षांपर्यंत, प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तुमच्या गावात सरकारी मराठी शाळा आहे, तिथेही कन्नड विषय असतोच, त्यामुळे कन्नडसाठी म्हणून त्याला दूरच्या शाळेत पाठवण्याची घाई नको. शाळा मेअखेरीस उघडतात. त्याआधीच त्याला रिकाम्या वर्गात दोन-चार वेळा नेऊन आणा आणि शिक्षकांना भेटा. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या (बीईओ) कार्यालयात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी कोण साधन शिक्षक आहेत हेही विचारून ठेवा. शिक्षकांना ऑटिझमवर व्याख्यान देऊ नका. एका कागदावर लिहून द्या : तो तहान कशी सांगतो, ‘नको’ कसे सांगतो, संडासला जायचे कसे सांगतो, कशाने घाबरतो आणि कशाने शांत होतो. कार्डांचा एक दुसरा संच शाळेतच ठेवायला द्या, कारण दप्तरातला संच एक ना एक दिवस घरी राहणारच.